धरायचं कुठून?

हद्द कायम मोजणीला गेलं की भांडण खुणेवरून सुरू होतं, बांधाचा नंबर नंतर लागतो. भूकरमापक म्हणून माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात झाली. संगमेश्वर असो, लांजा असो की राजापूर, टेबल मांडून जुनं टिपण उघडलं आणि शिवेच्या दगडावरून पहिली रेघ ओढली की दोन भावांतला एक जण पुढे यायचाच. "साहेब, धरलंत कुठून?" या दगडावरून. "आणि हा दगड बरोबर कशावरून?" पलीकडच्या खुणेवरून. "आणि ती?"

देवरुखच्या बाजूला एका वाडीत असं विचारणारे एक आजोबा मला चांगले आठवतात. त्यांनी कोयतीनं करवंदीची जाळी तोडली, जांभ्या दगडावरचं शेवाळ खरवडलं आणि दगडाच्या माथ्यावर कोरलेली फुली बोटानं साफ करून मला दाखवली. दगड जागचा हललेला नाही, हे त्यांना मान्य होतं. त्यांची हरकत त्याच्याही मागची होती. ज्यानं हा दगड पुरला त्यानं तो कशाच्या आधारानं पुरला, हे त्यांना ऐकायचं होतं. त्या दिवशी मी टिपणावरची मापं दाखवली, पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि परत आलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला.

हा प्रश्न फार जुना आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं 'विग्रहव्यावर्तनी'त तो असा मांडला, की त्यातून पळवाट राहू नये. वस्तू सिद्ध होते प्रमाणानं. मग प्रमाण कशानं सिद्ध होतं? दुसऱ्या प्रमाणानं म्हणाल तर त्याला तिसरं लागेल, तिसऱ्याला चौथं, आणि शेवटच येणार नाही: ही अनवस्था. प्रमाण आपलं आपणच सिद्ध आहे म्हणाल, तर ही सवलत त्यालाच का, ते सांगा. वस्तू प्रमाणावरून आणि प्रमाण वस्तूवरून म्हणाल, तर दोघं एकमेकांना टेकून उभी, जमीन कुणाच्याच पायाखाली नाही: हा अन्योन्याश्रय. न्यायसूत्रांतही हा आक्षेप पूर्वपक्ष म्हणून येतो, आणि सूत्रकार गौतमांनी त्याला दिलेलं उत्तर सराफाच्या पेढीवरचं आहे. सोनं तोलताना तराजू हे प्रमाण. पण तराजूबद्दलच शंका आली, तर ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे असं सोनं घालून तराजू तपासता येतो. त्या वेळी तराजू प्रमेय होतो. एकच गोष्ट एका कामात मोजणारी आणि दुसऱ्या कामात मोजली जाणारी असू शकते, एवढंच ते म्हणतात.

मोजणीच्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. जुन्या टिपणांतली मापं 33 फुटांच्या साखळीची आहेत. तिचे 16 आणे, आणि 33 फूट लांब, 33 फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. अशी साखळी रानातून ओढून ओढून कड्या ताणतात आणि ती लांबते. म्हणून पक्क्या खुणांच्या अंतरावर ती अधूनमधून ताडून पाहायची असते. जिनं जमीन मोजायची, तिलाच आधी जमिनीवर आडवं पाडून मोजायचं. तरी नागार्जुनाचं बोट वर राहतंच: त्या पक्क्या खुणा कुणी मोजल्या?

निवृत्तीनंतर मी आकाशाच्या मोजणीबद्दल वाचू लागलो तो याच ओढीनं. मला वाटत होतं, जमिनीवर नाही तर निदान वर तरी काहीतरी अढळ सापडेल.

जमिनीवरून तारा मोजण्यातली अडचण आधी सांगायला हवी. डोक्यावरची हवा थरथरत असते, त्यामुळे ताऱ्याचा ठिपका जागेवर राहत नाही. दुर्बीण स्वतःच्या वजनानं वाकते, थंडीनं आकसते. आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे एका छायाचित्रात आकाशाचा लहानसा तुकडाच मावतो. त्यावरून एवढंच सांगता येतं, की हा तारा त्या शेजारच्या ताऱ्यापासून इतका दूर आहे. शेजारचा तारा कुठे आहे, हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. म्हणजे वरही तोच शिवेचा दगड.

हे दगड पुरण्याचं काम आपल्या काळात 'गाया' उपग्रहानं केलं. युरोपीय अंतराळ संस्थेनं तो 19 डिसेंबर 2013 ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून सोडला. पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या उलट बाजूला, सहा तासांत एक अशा संथ गिरक्या घेत तो दहा वर्षांहून जास्त काळ आकाश न्याहाळत होता. त्याला दोन दुर्बिणी, एकमेकींशी 106.5 अंशांचा कोन करून बसवलेल्या. आकाशाचे इतके लांबचे दोन भाग एकाच वेळी, हवेच्या वर जाऊन पाहता आले, म्हणून शेजारच्या ताऱ्यापुरतं मोजण्याची सक्ती उरली नाही. जून 2022 मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या यादीत सुमारे 180 कोटी ठिकाणं आहेत. अंशाच्या 3600 व्या भागाला विकला म्हणतात. विकलेचे हजार भाग केले, तर यादीतल्या तेजस्वी ताऱ्यांच्या स्थानातली अनिश्चितता त्यातल्या एका भागाच्याही पन्नासाव्या ते शंभराव्या हिश्श्याइतकी आहे. आज जगातली कुठलीही दुर्बीण आकाशाचं छायाचित्र घेते तेव्हा त्यातले गायाच्या यादीतले तारे ओळखायचे, त्यांना खुंट मानायचं आणि बाकीचं सगळं त्यांच्यापासून मोजायचं, अशी रीत पडली आहे.

इथवर वाचून मला बरं वाटलं होतं. मग एक गोष्ट वाचली आणि ते आजोबा पुन्हा समोर उभे राहिले.

तारे इतके बारीक मोजायचे तर गाया स्वतः कुठे आहे आणि किती वेगानं चालला आहे, हेही तितकंच नेमकं ठाऊक हवं. पाहणारा चालत असला की ताऱ्याचा प्रकाश थोडा पुढून आल्यासारखा दिसतो. पृथ्वीच्या, आणि तिच्याबरोबर गायाच्या, सेकंदाला 30 किलोमीटर वेगामुळे तारा आपल्या जागेपासून 20 विकलांपर्यंत सरकलेला दिसतो. हा भाग वजा करायचा तर वेग माहीत हवा, आणि गायासाठी तो सेकंदाला अडीच मिलिमीटरपर्यंत अचूक हवा होता. जागा 150 मीटरपर्यंत. 15 लाख किलोमीटरवर असलेल्या वस्तूची! नुसत्या रेडिओ संदेशांवर ते काम पुरेसं होत नव्हतं. म्हणून चिलीतल्या पारानाल पर्वतावरची 2.6 मीटरची सर्वेक्षण दुर्बीण आणि कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावरची 2 मीटरची लिव्हरपूल दुर्बीण, अशा जमिनीवरच्या दुर्बिणी गायाचीच छायाचित्रं घेत राहिल्या. त्यांत तो एक सरकणारा ठिपका दिसतो, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वात मंद ताऱ्यापेक्षा सुमारे दहा लाख पट मंद. त्या ठिपक्याची जागा ठरवायची कशावरून? मागच्या ताऱ्यांवरून. आणि त्या ताऱ्यांच्या जागा कुठून घ्यायच्या? गायाच्याच यादीतून.

तारे गायावरून, गाया ताऱ्यांवरून. अन्योन्याश्रय म्हणतात तो हाच, आणि त्यावर एका खंडाच्या नामांकित शास्त्रज्ञांनी सही केलेली.

यादी ज्या गणितानं बनते त्यातही हेच आहे. ताऱ्यांची स्थानं, उपग्रहाचं तोंड कोणत्या क्षणी कुठे होतं ते, आणि कॅमेऱ्याची बारीकसारीक वाकडीतिकडी अंगं, या तिन्हीतलं काहीच आधी माहीत नाही. मग तिन्ही अंदाजानं धरतात. दोन खरी मानून तिसरं सुधारतात, मग सुधारलेलं घेऊन पहिलं सुधारतात, आणि अशा फेऱ्या घालत राहतात. फेरीगणिक दुरुस्ती लहान होत जाते आणि शेवटी काही हलेनासं होतं. दोन दुर्बिणींमधला तो 106.5 अंशांचा कोनसुद्धा, जो पक्का राहील म्हणून एवढा खटाटोप केला, प्रत्येक गिरकीबरोबर विकलेच्या हजाराव्या भागाएवढा डोलतो असं निघालं. उपग्रहावरच बसवलेल्या एका यंत्रानं ते डोलणं मोजलं आणि गणितात घेतलं.

मला इथे नागार्जुन आणि गौतम दोघंही दिसतात. नागार्जुनाचं खरं आहे: या साऱ्या उभारणीत स्वतःच्या पायावर उभी असलेली एकही वस्तू नाही. पण त्यावरून मोजणी खोटी ठरत नाही, हे गौतमांचं म्हणणंही तितकंच खरं आहे. अन्योन्याश्रय घातक होतो तो दोघंही एकच चूक करतात तेव्हा. पारानालच्या दुर्बिणीला हवा छळते, गायाला उन्हानं तापणं छळतं, रेडिओ संदेशाची अडचण तिसरीच. ज्यांच्या खोडी वेगवेगळ्या आहेत असे साक्षीदार एकमेकांना तपासू लागले, की फेरीगणिक खोड उघडी पडते. मोजणीत आम्ही एकाच खुणेवर कधी विसंबत नाही. तीन खुणा घेतो, आणि तिसरी जुळली नाही तर टेबल उचलत नाही.

आणि नैयायिकांची दुसरी कसोटीही आहे. प्रमाण खरं की खोटं, हे त्यावर भरवसा ठेवून केलेल्या कृतीला फळ येतं का यावरून ठरतं. लांबून पाणी दिसलं. ते पाणी होतं की मृगजळ, हे तहान भागली की कळतं. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच या विचारानं होते.

ही कसोटी 2017 साली अर्जेंटिनात लागली. प्लूटोच्याही 160 कोटी किलोमीटर पलीकडे एक लहानसा गोळा आहे, पुढे त्याला 'आरोकोथ' नाव दिलं गेलं. 'न्यू होरायझन्स' यान त्याच्याकडे निघालेलं होतं, पण हबल दुर्बिणीतूनही तो नुसता ठिपका. आकार कुणाला माहीत नव्हता. उपाय एकच होता. तो एखाद्या ताऱ्यासमोरून जाईल तेव्हा ताऱ्याच्या प्रकाशात त्याची सावली पृथ्वीवरून सरकत जाईल. त्या सावलीत उभं राहायचं आणि तारा किती वेळ विझतो ते मोजायचं. सावलीचा पट्टा काही दहा किलोमीटरांचा. तारा कुठे आहे यात जराशी चूक झाली तर सावली भलत्याच गावावरून जाणार. ताऱ्याची जागा गायानं दिली, गोळ्याची हबलनं. 3 जूनच्या प्रयत्नात कुणालाच तारा विझताना दिसला नाही. 17 जुलैला पाटागोनियातल्या कोमोदोरो रिवादाविया या गावाच्या आसपास दोन डझन फिरत्या दुर्बिणी लावल्या. हिवाळा, आणि वारा असा की दुर्बीण स्थिर राहीना. गावकऱ्यांनी आडोशाला मोठे ट्रक आणून उभे केले. रस्त्यावरचे दिवे मालवले, महामार्ग काही वेळ बंद ठेवला. पाच दुर्बिणींना तारा क्षणभर विझलेला दिसला. त्यावरून अंदाज बांधला गेला की हा गोळा एकसंध नसावा, दोन गोळे चिकटलेले असावेत. 1 जानेवारी 2019 ला यान जवळून गेलं आणि दोन चिकटलेले गोळेच छायाचित्रात आले.

जी यादी एकमेकांच्या आधारानं उभी आहे, तिच्या भरवशावर माणसं रात्री माळावर जाऊन उभी राहिली आणि तारा सांगितलेल्या वेळी विझला. मला यापेक्षा मोठा पुरावा नको. जे म्हणतात की अंतिम आधार नाही म्हणून सगळी मतं सारखीच, त्यांनी एकदा या पाच दुर्बिणींचा विचार करावा.

तरी अढळाची ओढ जात नाही. शास्त्रज्ञांचीही गेली नाही. सगळेच तारे कमीजास्त सरकतात, म्हणून गायाच्या यादीची चौकट सुमारे 16 लाख क्वेसारांवर बसवली आहे. क्वेसार म्हणजे इतक्या दूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं, की त्यांची आडवी चाल आपल्याला दिसू नये. आता आमच्या खात्यात रोव्हर आले आहेत. खांबावरचं ते यंत्र बांधावर उभं केलं की जागा सांगतं. ती जागा येते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांवरून, म्हणजे एका जागी बसवलेल्या संदर्भ केंद्रांवरून, आणि उपग्रहांवरून. उपग्रहांच्या मापाला पृथ्वी त्या क्षणी किती फिरली आहे हे लागतं, आणि ते ठरतं रेडिओ दुर्बिणींनी क्वेसार न्याहाळून. कॉर्स केंद्रही स्थिर नाही. भारताचा सगळा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे चालला आहे, तो हिशेब धरावा लागतो. म्हणजे देवरुखच्या आजोबांनी आज विचारलं असतं, तर "आणि ती कशावरून?" या प्रश्नमालिकेचं शेवटचं उत्तर अब्जावधी प्रकाशवर्षं दूर गेलं असतं.

आणि तिथेही ते थांबलं नसतं. गायाच्या मापांत असं आढळलं की हे क्वेसारसुद्धा आकाशातल्या एका दिशेकडे किंचित सरकताना दिसतात, वर्षाला विकलेच्या पाच दशलक्षांश भागाएवढे. ते सरकणं त्यांचं नाही. सूर्य आपल्याला घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती वळतो आहे, त्या वळणामुळे ते तसे दिसतात. अठराव्या शतकात इंग्लंडात जेम्स ब्रॅडलीचंही हेच झालं होतं. तो ताऱ्याचं अंतर मोजायला कालेय नक्षत्रातला एक तारा रात्रीमागून रात्री पाहत होता. अंतर हाती लागलं नाही. तारा वर्षभरात ज्या रीतीनं हलला त्यावरून पृथ्वी चालते आहे, हे प्रथमच मापानं सिद्ध झालं.

या दोन घटना मी पुन्हा पुन्हा वाचतो. आकाशाची मापं जितकी बारीक होत गेली, तितकी मोजणाऱ्याची स्वतःची चाल त्यांत उमटत गेली. आपल्याकडच्या आत्मविचाराची परंपरा सांगते की दिसणाऱ्यातून पाहणाऱ्याकडे वळावं. मी ते प्रवचनांतून ऐकलं होतं, पण पटलं ते या आकड्यांनी. ब्रॅडलीनं डोळे मिटले नव्हते. ताऱ्याकडे न कंटाळता, नेमकं पाहत राहिल्यानं त्याला आपल्या पायाखालची पृथ्वी कळली. बाहेरची काटेकोर मोजणी आणि आत वळणं यांत मला विरोध दिसत नाही. बाहेरचं ढिसाळ मोजणाऱ्याला आपली चाल कधीच सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग ध्रुवाचं काय? आजचा ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून अंशाच्या जवळजवळ दोन तृतीयांश दूर आहे आणि तोही इतरांसारखा त्याच्याभोवती फिरतो. हे ऐकून काही भाविक दुखावतात, काही नास्तिक खूश होतात. दोघांनी विष्णुपुराण नीट वाचावं. तिथे भगवंतांनी लहानग्या ध्रुवाला पद दिलं ते एका कल्पापुरतं. मुदत पुराणानंच घातली आहे. ध्रुवाची थोरवी त्याच्या निश्चयात आहे. सावत्र आईनं वडिलांच्या मांडीवर चढू न दिलेलं पोर तपातून उठलं नाही, यात. तारा हलतो म्हणून त्या कथेला काही बाध येत नाही.

आमच्या घरी वडील टिळक पंचांग पाळत. त्यामुळे काही वर्षी अधिक महिना शेजाऱ्यांपेक्षा वेगळा येई आणि आमचे गणपती महिनाभर आधी बसत. लहानपणी हे फार लागायचं. वाडीत आरती आमच्या एकट्याच्याच घरी. वडिलांना विचारलं तर ते पंचांग उघडून दाखवत: आपण रेवतीतल्या ताऱ्यापासून मोजतो, ते चित्रेच्या समोरून. दोन्ही आरंभांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 च्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त या वादाच्या बाजू खोलात जाऊन तपासल्या. व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसं त्यात पडली. तो वाद सुटला नाही, कारण त्याच्या तळाशी निवड आहे, माप नाही. आणि ताऱ्यांची मापं पाहिली तर रेवतीचा तारा सरकतो, चित्राही सरकते. दोघींपैकी एकीला अढळ ठरवून दुसऱ्या घराला खोटं पाडण्याची सोय आकाशानं ठेवलेली नाही.

गायाचं काम जानेवारी 2025 मध्ये थांबलं आणि त्या मार्चमध्ये तो बंद करण्यात आला. त्याच्या तिसऱ्या यादीच्या माथ्यावर स्थानं कोणत्या क्षणाची आहेत ते लिहिलेलं आहे: 2016.0. चौकट कशावर बसवली तेही लिहिलेलं आहे, चूक किती असू शकते तेही प्रत्येक ताऱ्यापुढे दिलेलं आहे. वर्षं जातील तशी ती चूक वाढत जाईल, म्हणून पुढे कुणाला तरी हे काम पुन्हा करावं लागेल.

एवढा उघडेपणा आपल्या घराघरांतल्या वादांत यावा, अशी माझी विनंती आहे. सणाच्या तारखेवरून दोन पंचांगांत फरक दिसला, तर आधी दोन्ही पंचांगांतले अयनांश शोधा, आरंभ कुठून धरला आहे ते पाहा, आणि शेजाऱ्यालाही दाखवा. मग ज्या दिवशी तुमच्या घरी गणपती बसतील त्या दिवशी त्याला आरतीला बोलवा, आणि त्याच्याकडे बसतील तेव्हा तुम्ही जा.